धूर उंबऱ्याबाहेर

अगं, काल फोन ठेवल्यापासून तुझं एक वाक्य डोक्यातून जात नाही. छकुलीचं वजन दोन महिने जागचं हललेलं नाही, अंगणवाडीताईंनी कार्डावरचा ठिपका हिरव्यातून पिवळ्यात टाकला, हे तू काळजीने सांगितलंस. मऊ वरणभात, नाचणीचं सत्त्व, वर तुपाचा चमचा, सगळा पाढा वाचलास. आणि जाता जाता म्हणालीस, "खोकला तर काय गं ताई, आमच्या घरात सगळ्यांनाच असतो." मला त्या खोकल्याबद्दल बोलायचंय. तुमच्याकडे फोनवरचं बोलणं चौघांच्या कानावर जातं, म्हणून लिहून पाठवतेय. दुपारी सगळे आडवे झाले की निवांत वाच.

आधीच सांगते, दहा महिन्यांच्या पोरीचं वजन अडायला दहा कारणं असू शकतात. रक्त कमी असेल, लघवीत संसर्ग असेल, पोटाची काही तक्रार असेल. तेव्हा पहिलं काम म्हणजे बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन तिला नीट तपासून घेणं. अंगावरचं दूध चालू आहे ते चालूच ठेव, कुणाचं ऐकून तोडू नकोस. आणि मामंजींचा खोकला दोन आठवड्यांच्या वरचा आहे ना? मग त्यांची थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ती तपासणी फुकट होते. क्षयाची शंका एकदा मिटलेली बरी, कारण घरातल्या मोठ्यांचा क्षय पहिला गाठतो तो लहान लेकराला.

हे सगळं करच. पण त्यासोबत तुझ्या घरातल्या धुराकडेही बघ. तो तीन ठिकाणी निघतो. पुढच्या खोलीत पलंगावर बसून मामंजींची विडी, गॅलरीत उभं राहून जावईबापूंची सिगरेट, आणि मागे स्वयंपाकघरात आजेसासूबाईंची मशेरी. तिघंही छकुलीवर जीव ओवाळून टाकणारी माणसं. म्हणून तर तुझी जीभ रेटत नाही, हे मला कळतं.

सिगरेट ओढणारा झुरका घेतो, धूर त्याच्या छातीत जाऊन बाहेर येतो. तेवढाच धूर खोलीत सुटतो, असं आपल्याला वाटतं. पण दोन झुरक्यांच्या मधे जळतं टोक नुसतंच धुमसत असतं, आणि खोलीत साठणाऱ्या धुरापैकी सुमारे ८५ टक्के त्या टोकातून निघालेला असतो. तो कुठल्या गाळणीतून गेलेला नसतो, कुणाच्या छातीतून गेलेला नसतो. तंबाखूच्या धुरात सात हजारांवर रसायनं सापडली आहेत आणि त्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोगाला कारण ठरणारी आहेत. ओढणाऱ्याची विडी पाच मिनिटांत संपते. खोलीत बसलेल्याचं ओढणं मात्र नंतरही चालूच राहतं.

आता छकुलीचा हिशेब मांड. तुझे मिनिटाला पंधरा-सोळा श्वास होतात तेवढ्यात तिचे तीस-चाळीस होतात. तिच्या वजनाच्या मानाने ती आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेते. तिच्या फुप्फुसांचं तर अजून बांधकाम चालू आहे. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या फुप्फुसांत हवेचे चिमुकले फुगे फार तर पाच कोटी असतात. मोठ्या माणसात ते तीस कोटींच्या घरात जातात, आणि त्यांतले बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांतच तयार होतात. या दिवसांत जी हवा मिळेल तिच्यावरच ते बांधकाम होणार. धुराच्या घरात वाढलेल्या मुलांची फुप्फुसांची ताकद पुढेही थोडी कमीच भरते, असं तपासण्यांमध्ये वारंवार दिसलंय. शिवाय आपल्याला धूर लागला तर आपण उठून बाहेर जातो. ती कुठे जाणार? जो उचलेल त्याच्या कडेवर.

पोटात असल्यापासूनच ही गोष्ट सुरू होते. गरोदर बाई स्वतः ओढत नसली तरी घरातल्या धुरातलं निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड तिच्या रक्तात उतरतं. निकोटिनने वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपटींहून जास्त घट्ट धरतो, म्हणजे बाळाला पोचणारा प्राणवायू घटतो. दुसऱ्याच्या धुरात राहिलेल्या मातांची बाळं सरासरीने ३० ते ६० ग्रॅम हलकी भरतात, असे अभ्यास आहेत. आकडा ऐकायला लहान वाटेल. पण आपल्याकडे कितीतरी बाळं अडीच किलोच्या काठावर जन्मतात. तिथे तेवढंही पुरतं काठाखाली जायला. छकुली २ किलो ४०० भरली होती. ते धुरानेच झालं असं मी म्हणणार नाही, कुणालाच म्हणता येणार नाही. आणि तू तर स्वतःला अजिबात बोल लावून घ्यायचा नाहीस. पुढच्या बाळाच्या वेळी मात्र पहिल्या महिन्यापासून घर स्वच्छ हवेचं हवं.

जन्मानंतर धूर वाढ कशी अडवतो, ते तुझ्या घरातच बघ. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी २००६ साली सगळा पुरावा एकत्र करून जाडजूड अहवाल काढला. घरातल्या धुरामुळे मुलांना काय काय होतं त्याची यादी त्यात आहे: छातीचे संसर्ग, न्यूमोनिया, कान फुटणं, दमा वाढणं, आणि झोपेत अचानक दगावणंसुद्धा. दुसऱ्याचा धूर इतका इतका चालेल अशी कुठलीही सुरक्षित पातळी नाही, हेही त्यात स्पष्ट म्हटलंय.

आता हे आजार वजनाशी जोड. छकुलीला खोकला झाला की ती दोन दिवस तोंड फिरवते. नाक चोंदलं की धड दूधही ओढता येत नाही. ताप आला की अंगातली शक्ती तिकडे खर्च होते, आणि धापा टाकत श्वास घेण्यातही जाते. बरी झाल्यावर झालेली झीज भरून यायला दोन-तीन आठवडे चांगलं खायला लागतं. त्या आठवड्यांत पुन्हा खोकला आला, की भरपाई राहिली बाजूलाच. असं चार-सहा वेळा झालं की आधी वजन अडतं, आणि असंच चालू राहिलं तर मग उंची. गेलेलं वजन खाऊन-पिऊन परत येतं. पहिल्या दोन वर्षांत हुकलेली उंची भरून काढणं फार कठीण. साधारण एक वर्षाच्या मुलीची उंची ७४ सेंटीमीटरच्या आसपास हवी. ६९ च्या खाली असेल तर तिला खुरटलेली म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांमागे ३५ अशी खुरटलेली निघाली. म्हणून पुढच्या वेळी अंगणवाडीत गेलीस की वजनासोबत तिची लांबीही झोपवून मोजून घे. आपण सगळ्या बायका वजनकाट्याकडेच बघत बसतो.

त्या गुलाबी तक्त्याची एक गोष्ट तुला सांगते, ती घरात बोलताना कामाला येईल. अंगणवाडीत ज्या रेषांवर छकुलीचा ठिपका टाकतात, त्या रेषा जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली आणल्या. त्यासाठी १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतली साडेआठ हजारांच्या आसपास मुलं मोजली होती: ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपली दिल्ली. सगळं व्यवस्थित मिळालं तर मूल कसं वाढतं, हे त्यांना पाहायचं होतं. म्हणून मुलं निवडताना अटी होत्या. त्यांतली एक म्हणजे बाळाला अंगावर पाजायची आईची तयारी हवी, आणि दुसरी म्हणजे आई धूम्रपान करणारी नको, ना बाळंतपणाआधी, ना नंतर. बघ, निरोगी वाढीची पट्टी आखायची वेळ आली तेव्हा तंबाखूचा धूर अटीतच बाहेर ठेवला गेला. आणि आपण मात्र धुराच्या खोलीत वाढणारं लेकरू त्या पट्टीला लावतो आणि म्हणतो, खाऊन पिऊन असं कसं?

धूर ताटातूनही खातो, तेही ऐक. बांगलादेशात २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गरीब घरातला ओढणारा माणूस रोज तंबाखूवर जेवढे पैसे घालवतो, तेवढ्यात घरातल्या एक-दोन मुलांच्या जेवणात पाचशेवर उष्मांकांची भर सहज पडू शकते, असं त्यात निघालं. इंडोनेशियात शहरांतल्या पावणेदोन लाख गरीब कुटुंबांची पाहणी झाली. तिथे बाप ओढणारा असेल त्या घरातली मुलं जास्त प्रमाणात कुपोषित आढळली. धुराने किती आणि पैशाच्या ओढीने किती, हे वेगळं काढणं अवघड असतं, कारण दोन्ही त्याच घरात असतात. तुमच्याकडे तशी ओढ नाही, देवदयेने दोन वेळचं बरं चाललंय. तरी जावईबापूंना एकदा गणित करायला लाव. दिवसाला पन्नास रुपये धरले तरी महिन्याचे दीड हजार होतात. छकुलीची अंडी, फळं, तूप सगळं त्यात बसतं.

आता आजेसासूबाईंची मशेरी. मागे मी तुमच्याकडे राहिले होते तेव्हा पाहिलंय ना मी! त्यांनी जुना लोखंडी तवा खाली उतरवला, तंबाखूची पानं चुरून पसरली आणि मंद आचेवर काळी होईपर्यंत परतत बसल्या. दोन मिनिटांत सगळ्या घराला ठसका. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला, शेजारणीने खिडकी आपटून लावून घेतली, आणि छकुली होती पाठीमागच्या झोळीत. त्या धुराला कुणी धूम्रपान म्हणत नाही, म्हणून तो कुणाच्या हिशेबातही येत नाही. पण तंबाखू कागदात गुंडाळून जाळली काय आणि तव्यावर जाळली काय, झोळीतल्या बाळाच्या नाकात जायचं ते जातंच.

आपल्या राज्यात तर ही गोष्ट जास्तच लागू पडते. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर मोठ्या माणसांत २७ जण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणारे होते, पण ओढणारे चारच. बाकी सगळे मळणारे, चघळणारे, मशेरी लावणारे. बायकांमध्ये शंभरात १७. मशेरी लावणाऱ्या गरोदर बायकांची बाळं हलकी भरतात, हे मुंबईतल्या अभ्यासांत कधीच दिसून आलंय. आजींची सत्तर वर्षांची सवय तुझ्या सांगण्याने सुटेल असं मला वाटत नाही. पण दोन गोष्टी पक्क्या ठरव. तवा घरात चढणार नाही. आणि मशेरीच्या बोटांनी कुणी बाळाला भरवणार नाही, आधी साबणाने हात. दात येताना हिरड्या शिवशिवतात म्हणून कुणी तिच्या तोंडात मशेरीचं बोट घालायला आलं, तर तिथे भीड बाळगू नकोस. सरळ हात धर.

जावईबापू म्हणतील, मी तर गॅलरीत ओढतो. तुला सांगते, बिचाऱ्याची समजूत प्रामाणिक आहे. पण तू स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी दिलीस की पुढच्या खोलीतल्याला ठसका लागतोच ना, मधे दार असलं तरी? धुराचं तसंच. सरकत्या दाराच्या फटीतून, उघड्या खिडकीतून तो आत येतो. स्कॉटलंडमध्ये २०१४ साली सरकारनेच आईबापांसाठी मोहीम काढली होती: ओढायचंच असेल तर थेट घराबाहेर जा. घरात ओढलेल्या सिगरेटचा धूर पाच तासांपर्यंत रेंगाळतो, असं ते लोकांना सांगत होते. त्यातला बराचसा डोळ्याला दिसत नाही, वासालाही कळत नाही. पंखा लावला तर तो जात नाही, घरभर फिरतो. उदबत्ती लावली तर धुरात धुराची भर.

मग येतो शर्ट. सिगरेट विझवून माणूस आत येतो आणि पहिलं काय करतो? लेकीला उचलतो. ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकते, कॉलर चोखते. निकोटिन कपड्यांवर, पडद्यांवर, गोधडीवर, भिंतींवर बसतं आणि आठवडेच्या आठवडे राहतं. हवेतल्या दुसऱ्या वायूंशी मिळून त्यातून आणखी घातक रसायनं तयार होतात, हेही प्रयोगशाळेत दिसलंय. रांगणारी पोर तीच फरशी चाटते, तोच पडदा तोंडात घालते. म्हणून नियम असा: खाली रस्त्यावर जायचं, आल्यावर हात-तोंड धुवायचं, शर्ट बदलायचा, दहा मिनिटं थांबायचं आणि मग लेकीला घ्यायचं. मोटारीत तर कधीच नाही, काच उघडी असली तरी नाही.

आता खरी अडचण. हे बोलायचं कसं? तू घरातली धाकटी सून. मामंजींसमोर विडीचा विषय काढायचा म्हणजे घाम फुटणार. माझं ऐक, तू एकटीने बोलूच नकोस.

पहिल्यांदा सासूबाईंना आपल्या बाजूला घे. पस्तीस वर्षं त्या त्याच खोलीत झोपतायत, सगळ्यात जास्त धूर त्यांनी खाल्लाय. जपानमध्ये हिरायामा नावाच्या संशोधकांनी स्वतः न ओढणाऱ्या ९१ हजारांवर बायकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली आणि १९८१ साली सांगितलं, की नवरा भरपूर ओढणारा असेल तर बायकोला फुप्फुसाचा कर्करोग व्हायचा धोका वाढतो. हे त्यांना सावकाश सांग, भाजी निवडता निवडता सांग. आजवर त्यांना कुणी विचारलंच नसेल, की आई, तुम्हाला त्रास होतो का?

नवऱ्याशी बोलायचं ते त्याच्या हातात सिगरेट नसताना. तलफ आलेल्या माणसाला सांगितलेलं कान ऐकत नाहीत. आणि "तुम्ही असं करता, तुम्ही तसं करता" हा सूर नको. ते कार्ड त्यांच्या हातात दे. तपासायला नेशील तेव्हा त्यांनाच सोबत ने, आणि घरात कोण कोण ओढतं हे डॉक्टरांना त्यांच्यासमोर सांग. पुढचं डॉक्टर बोलतील. बायकोने सांगितलं की कटकट होते, पांढऱ्या कोटातल्या माणसाने सांगितलं की सल्ला होतो. आपल्याकडचा हा जुना न्याय आहे, तो एकदा आपल्या कामाला येऊ दे.

मामंजींना मात्र काम दे. दर महिन्याला छकुलीला वजनाला न्यायचं काम त्यांचं. ठिपका कुठे पडतो ते ताईंकडून समजून घ्यायचं आणि घरी येऊन सांगायचं, हेही त्यांचंच. नातीचं कार्ड हातात आलं की माणूस आपोआप जबाबदार होतो. विडी सोडा म्हणू नकोस, निदान पहिल्या दिवशी नाही. एवढंच म्हण: "मामंजी, बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत घरात कुणीच ओढायचं नाही असं आम्ही ठरवलंय, पाहुण्यांनीसुद्धा." 'कुणीच' म्हटलं की बोट कुणा एकाकडे राहत नाही. खाली कडुनिंबाच्या सावलीत त्यांच्यासाठी चांगली खुर्ची टाक, उन्हापावसाची सोय कर. पुढच्या खोलीतली रक्षापात्राची वाटी आणि काडेपेटी उचलून तिकडेच नेऊन ठेव. वाटी समोर असली की हात जातोच. दोन वर्षं झाल्यावर काय, हे तेव्हा बघू. तोवर घराला सवय लागलेली असेल.

उलट उत्तरं येणारच, त्याची तयारी ठेव.

"आम्ही नाही का वाढलो धुरात?" वाढलात, पण जे वाढले नाहीत ते आज बोलायला इथे नाहीत. १९७१ साली आपल्या देशात जन्मणाऱ्या दर हजार बाळांतली १२९ पहिल्या वाढदिवसाआधीच जात होती. प्रत्येक घरात दोन-तीन नावं अशी असायची, जी आजी फक्त मोजताना घ्यायची. ती सगळी धुराने गेली असं नाही. पण "आमच्या वेळी" हा काही पुरावा नव्हे. हे असं तोंडावर मात्र बोलू नकोस हं, तुझ्या माहितीसाठी सांगितलं.

"विडी पानाची असते, सिगरेटीएवढी वाईट नाही." हा मोठा गैरसमज. विडीत तंबाखू कमी असते हे खरं. पण टेंभुर्णीचं पान धड जळत नाही, विडी सारखी विझते, म्हणून पुन्हा पुन्हा जोरात ओढावी लागते. निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड ती सिगरेटीइतकंच, कधी त्याहून जास्त देते.

"विडीवर अख्खं सिन्नर जगलं." जगलं, खरंच जगलं. सिन्नर, संगमनेर, सोलापूरच्या बायकांनी मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या आणि पोरं शिकवली. त्यांच्या कष्टाला कुणी नाव ठेवत नाहीये. त्यांनाही त्या तंबाखूच्या धुळीने खोकवलंच. वळणाऱ्यांचा मान ठेवायला नातीच्या उशाशी विडी पेटवायची गरज नाही.

"मग चुलीचा धूर? डासांची कॉइल?" हा मुद्दा मात्र मान्य कर, कारण तो खरा आहे. एक कॉइल रात्रभर जळताना ७५ ते १३७ सिगरेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असं २००३ सालच्या एका अभ्यासात मोजलं गेलंय. तेव्हा कॉइलही बंद कर, मच्छरदाणी लाव. तू स्वतः एक गोष्ट सोडलीस की दुसऱ्याला सोडायला सांगताना आवाजात वजन येतं.

"कायद्याने कुठे बंदी आहे घरात?" नाही. २ ऑक्टोबर २००८ पासून हॉटेल, कचेरी, स्टेशन, एसटी स्टँड अशा सार्वजनिक जागी ओढायला मनाई आहे, पण कायदा उंबऱ्याशी थांबतो. म्हणून झालंय काय, की देशात ओढणारे शंभरात अकरा, पण स्वतःच्या घरात दुसऱ्याचा धूर घेणारे शंभरात ३९. हा त्याच २०१६-१७ च्या पाहणीतला आकडा. घराचा कायदा घरातल्यांनीच करायचा असतो.

आणि तो केला की फळ दिसतं, तेही लवकर. स्कॉटलंडमध्ये २००६ च्या मार्चपासून बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपान बंद झालं. त्याआधी दम्याने दवाखान्यात भरती होणाऱ्या मुलांची संख्या दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढत होती. बंदीनंतर ती दरवर्षी १८ टक्क्यांनी घटायला लागली. लोक चिडून घरात जास्त ओढतील अशी भीती होती. झालं उलटंच, घरांतही ओढणं कमी झालं. एकदा बाहेर उठून जायची सवय लागली की माणूस मोजायला लागतो, आणि मोजायला लागला की कमी करतो.

जावईबापूंना पुढे कधी सोडावीशी वाटली, तर पाकिटावरच नंबर छापलेला असतो: १८००-११-२३५६. फुकट आहे, समुपदेशक बोलतात, नंतर स्वतः फोन करून विचारपूसही करतात. पहिले चार-पाच दिवस चिडचिड होईल, डोकं दुखेल, झोप उडेल. त्या दिवसांत तू टोमणा मारायचा नाहीस. एकदा सोडून पुन्हा धरली तरी "बघा, मी म्हटलंच होतं" असं म्हणायचं नाहीस. बहुतेकांची पहिल्या फटक्यात सुटत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सुटते.

तुझ्यासाठी या आठवड्याची कामं एवढीच. छकुलीला डॉक्टरांकडे न्यायचं, लांबी मोजून घ्यायची, पडदे आणि गोधड्या धुवायला काढायच्या, मशेरीचा तवा माळ्यावर टाकायचा आणि सासूबाईंशी बोलायचं. मामंजींचं पुढच्या आठवड्यात. सगळं एकदम काढलंस तर घरात महाभारत होईल आणि धूर आहे तिथेच राहील.

महिन्याभराने ठिपका हलला नाही तर लगेच हताश होऊ नकोस. दोन-तीन महिन्यांची रेघ बघायची असते, एका महिन्याचा ठिपका नव्हे. खोकल्याच्या पाळ्या लांबल्या, रात्रीची झोप लागायला लागली, ताटातलं दोन घास जास्त जायला लागलं, की समज गाडी रुळावर आली.

आणि जावईबापू फारच कुरकुरले, तर त्यांना म्हणावं, दिवाळीनंतर आकडसासू आठ दिवस राहायला येतेय, आणि आल्या आल्या ती आधी गॅलरी हुंगणार आहे. मग चहा.